नाल्याकाठची साडेचार मिनिटं

“उद्या शूटिंग आहे, सगळ्यांनी चांगले कपडे घालून या,” असं मी उठता उठता बोलून गेलो आणि तिथेच माती खाल्ली.

यात चुकलं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही त्या संध्याकाळी तसं काही वाटलं नव्हतं. जळगावात माझा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. खांद्यावर घ्यायचा मोठा कॅमेरा, एका हातात धरायचा हॅलोजनचा दिवा, आणि कुणी विचारलं नसताना लोकांना कसं उभं राहायचं ते सांगायची सवय. ‘नाना, आहेर जरा वर धरा.’ ‘अक्का, पदर मागे घ्या, चेहरा येऊ द्या.’ असोद्याकडच्या केळीवाल्यांची लग्नं करून करून माझ्या जिभेला हे वळणच पडलं होतं. हळदीच्या आदल्या दिवशी यजमानांकडे जायचं, चहा घ्यायचा, आणि निघताना सांगायचं, उद्या शूटिंग आहे, चांगले कपडे घाला. त्याशिवाय दारातून पाय निघायचा नाही.

पण हे लग्न नव्हतं. पिंपळनेरच्या पुढे, डोंगरात, तीसएक घरांचा आदिवासी पाडा होता तो. मुंबईहून एक दिग्दर्शक तिथे डॉक्युमेंटरी काढायला आले होते आणि तिचा विषय होता उपेक्षित लोकांची जिद्द. उपेक्षित लोक उद्या चांगले कपडे घालून येणार, याची व्यवस्था मी आदल्या दिवशीच करून ठेवली.

मी तिथे कसा पोचलो, तर शेवभाजीमुळे. दिग्दर्शकांचा मुंबईचा मदतनीस धुळ्यात उतरला, पहिल्याच रात्री लाल रश्शापुढे मर्दुमकी दाखवायला गेला, आणि दुसऱ्या दिवशी पोट धरून परतीच्या गाडीत बसला. कुणीतरी माझं नाव सुचवलं. माझ्याकडे दिवा होता, जादाचा कॅमेरा होता, अहिराणी येत होती, आणि पौष महिना असल्यामुळे एकही लग्न नव्हतं. ही चौथी पात्रता सर्वांत मोठी. मी घरी येऊन बायकोला म्हणालो, “या वेळी लग्नाचं नाही हं, खऱ्या फिल्मचं काम आहे. समाजाचं काम.” ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. समोर वह्यांचा ढीग. मान वर न करता म्हणाली, “बॅटऱ्या चार्ज केल्यात का?”

दिग्दर्शक वाईट माणूस होता असं लिहिता आलं असतं तर माझं काम सोपं झालं असतं. तसा तो नव्हता. चाळिशीच्या आतला, हळू बोलणारा, नागलीची भाकर मागून घेणारा, सारवलेल्या जमिनीवर बिनतक्रार झोपणारा. बायकांशी बोलताना उकिडवा बसायचा, म्हणजे त्यांना मान वर करावी लागू नये. हे मी दहा वर्षांत एकाही वऱ्हाड्याला करताना पाहिलं नव्हतं. मी मनातल्या मनात त्याला नमस्कार केला. तो नमस्कार मी अजून पुरता परत घेतलेला नाही, आणि याचाच मला राग येतो.

आता पाड्याची गोष्ट. पाड्यापासून डांबरी रस्त्यापर्यंत तीनेक किलोमीटर नुसती पायवाट होती. पुरुष माणसं हंगामाला गुजरातेत ऊसतोडीला जात. मागे राहिलेल्या बायकांनी दोन उन्हाळे खपून ती पायवाट रुंद केली, दगड फोडले, मुरूम टाकला, आणि जीप जाईल असा रस्ता केला. कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी काही दिलंही नव्हतं. रस्ता झाला, पण मध्ये एक नाला आडवा येत होता. पौषात त्यात घोटाभर पाणी. पावसाळ्यात मात्र चार महिने पाडा पलीकडे आणि बाकी जग अलीकडे. त्या नाल्यावर मोरी बांधायची होती. मोरी म्हणजे पाइप टाकून केलेला छोटा पूल. तिला सिमेंट लागतं, लोखंड लागतं आणि सरकारची परवानगी लागते. हे तिन्ही डोंगरात उगवत नाही.

त्या बायकांची पुढारीण साठीच्या घरातली. सगळा पाडा तिला अक्का म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागलो. घरात त्यांची बोली वेगळी. आमच्याशी मात्र ती बाजाराची अहिराणी बोलायची. आदल्या दिवशीच्या बैठकीत दिग्दर्शकांनी फिल्मबद्दल सगळं सांगितल्यावर ती मला म्हणाली, “भाऊ, मनं एक बोलनं शे. मोरीनं. ते तुमना पिच्चरमा याले पाहिजे, आन तो पिच्चर धुळाना साहेबनी दखाले पाहिजे. मंग तुम्ही सांगशात ते बठ्ठं करसूत.”

म्हणजे अट एकच. मोरीबद्दल तिला जे म्हणायचं आहे ते फिल्ममध्ये आलं पाहिजे आणि धुळ्याच्या साहेबांपर्यंत गेलं पाहिजे. मग आम्ही सांगू ते करायला पाडा तयार.

मी दिग्दर्शकांना समजावलं. ते म्हणाले, “बघू या. एडिटिंगला बसल्यावर कसं जमतंय ते बघू.”

अक्का माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, “साहेब म्हणतात, नक्की.”

का म्हणालो? विचार करायला अजूनही लाज वाटते. धंद्याची सवय, दुसरं काही नाही. ‘आमच्या आत्याबाईंचा आहेर नीट यायला पाहिजे बरं का.’ नक्की. ‘मागे ते गाणं टाकाल ना?’ नक्की. लग्नाच्या कामात ‘बघू या’ असं कधी म्हणायचंच नसतं, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. मी अक्काला गिऱ्हाईक समजलो. आणि मग उठता उठता ते कपड्यांचं बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या बायका नाल्याकाठी जमल्या. ठेवणीतली लुगडी, डोक्याला तेल, गळ्यात चांदी, पायांत वाळे. एकीने तर मुंबईवाल्यांसाठी म्हणून फुलांचा गजरा माळला होता. इतक्या देखण्या दिसत होत्या की मी सवयीने दिवाच पेटवला.

दिग्दर्शक जीपमधून उतरले आणि जागच्या जागी थांबले. “हे काय? लग्न आहे का कुणाचं?”

मी अपराध कबूल केला. त्यांनी डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि अगदी हळू आवाजात मला सांगितलं, “त्यांना म्हणावं, रोज जसं असता तसं या. जुन्या कपड्यांत. दागिने नकोत.”

हे भाषांतर मला करावं लागलं. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. अक्का मात्र सरळ दिग्दर्शकांकडे बघून म्हणाली, “तुम्ही फोटो काढतस तव्हय फाटेल सदरा घालतस का?”

फोटो काढताना तुम्ही फाटका सदरा घालता का? याचं मी भाषांतर केलं नाही. करायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हणालो, “अक्का, मोरीचं बोलणं आहे ना, मग ऐका जरा.”

मोरीचं नाव काढल्यावर ती मागे वळली. सगळ्या परत गेल्या. अर्ध्या तासाने आल्या त्या फाटकी लुगडी नेसून. गजरेवालीकडे एकच जुनं लुगडं होतं, ते तिने पहाटे धुवून वाळत घातलं होतं. ते ओलंच नेसून आली. पौषाचा वारा होता. ती दिवसभर अंग चोरून उभी राहिली आणि फिल्ममध्ये ते फार परिणामकारक दिसलं.

पुढचं तर मला आज सांगतानासुद्धा खोटं वाटतं. दिग्दर्शकांना ‘श्रम’ हवे होते. पण रस्ता तर झालेला होता. मग त्यांनी विचारलं, थोडा भाग उकरून पुन्हा करता येईल का? आणि तो उकरला. दोन उन्हाळे घालून केलेल्या रस्त्याचा बैलगाडीभर लांबीचा तुकडा त्या बायकांनी कुदळींनी खणून काढला, आणि मग मुरूम ओतून, ठोकून पुन्हा केला. मी थर्मोकोलचा मोठा पांढरा तक्ता धरून त्यांच्या तोंडावर ऊन पाडत होतो. खणताना एक जण काहीतरी पुटपुटली आणि सगळ्या हसायला लागल्या. हसता हसता एकीला खाली बसावं लागलं. दिग्दर्शक कॅमेऱ्यामागून कुजबुजले, “सुंदर. एवढ्या कष्टातही हसतात.”

मी अक्काला विचारलं, काय म्हणाली ती?

“ती म्हनस, मुंबईमा बठ्ठा मानसं असाच शेतस का?”

मुंबईत सगळी माणसं अशीच असतात का? त्या आमच्यावर हसत होत्या.

दुपारनंतर अक्काची पाळी आली. दिग्दर्शकांनी तिला नाल्याच्या काठावर उभं केलं. त्यांचा कॅमेरा समोर, माझा बाजूने. ती बोलायला लागली आणि मध्ये एकदाही थांबली नाही. दोन पावसाळ्यांपूर्वी तिची सून बाळंतपणात अडली होती. चौघांनी झोळी करून तिला इथपर्यंत आणलं. नाला दुथडी होता. पाणी उतरेल म्हणून सकाळपासून दिवस मावळेपर्यंत याच काठावर बसले. पलीकडे जीप उभी दिसत होती. पाणी उतरलं तेव्हा झोळी उलट दिशेने परत न्यावी लागली. हे सांगताना ती रडली नाही. कुठे झोळी ठेवली होती ती जागा तिने हाताने दाखवली, एखाद्याने शेताची हद्द दाखवावी तशी. मग म्हणाली, रस्ता आम्ही केला. मोरी आमच्याच्याने होणार नाही. अर्ज दिले, त्या कागदांचं काय झालं माहीत नाही. आम्ही जिवट आहोत असं तुम्ही म्हणता. सूनही जिवटच होती.

माझ्या घड्याळात साडेचार मिनिटं झाली होती. दिग्दर्शकांनी कॅमेरा बंद केला आणि हात जोडले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. मला वाटलं, आता ‘बघू या’चं आपोआपच ‘नक्की’ झालं. मी सुटलो.

फिल्म तयार होऊन धुळ्यात दाखवायची ठरली तोवर पावसाळा सुरू होऊन महिना उलटला होता. अधिकारी येणार होते. पाड्यावरच्या पाच बायकांचा सत्कार होता, आणि त्यांना आणायची कामगिरी माझी. जीप नाल्याच्या अलीकडे थांबवली. दोन दिवस उघाड होती, तरी पाणी कमरेपर्यंत. पाचही जणी हातात हात धरून पाण्यातून आल्या, चांगली लुगडी गाठोड्यात बांधून डोक्यावर. जीपपाशी येऊन लुगडं पिळत अक्काने विचारलं, “आज काय शे भाऊ? चांगलं नेसू का फाटेल?”

बाकीच्या चौघी हसल्या. मीही हसलो, दुसरं काय करणार.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत साहेब लोक, मागे शहरातली सुशिक्षित मंडळी. आम्ही तिसऱ्या रांगेत. दिवे मालवले आणि बासरी सुरू झाली. माझ्या लग्नाच्या कॅसेटमध्ये मी बदाम उडवतो, हृदयातून नवरानवरी बाहेर काढतो, त्याबद्दल शिकलेले लोक मला हसतात. त्या दिवशी मला कळलं की बासरी म्हणजे शिकलेल्यांचा बदाम. दगड फुटतोय, बासरी. ओलं लुगडं नेसलेली बाई वाऱ्यात उभी, बासरी. उकरलेला रस्ता पुन्हा होतोय, बायका हसताहेत, आणि एक खर्जातला आवाज सांगतोय की या स्त्रियांना तक्रार माहीत नाही.

अक्का माझ्याकडे झुकून विचारायची, “आते येई का?”

“येईल.”

थोड्या वेळाने पुन्हा, “आते?”

मग ती पडद्यावर आली. नाल्याच्या काठी. ओठ हलताहेत. पण आवाज तिचा नव्हता. बासरी होती, आणि तो खर्जातला माणूस म्हणत होता की निसर्गाने कितीही वाट अडवली तरी या माणसांनी त्याच्याशी मैत्र जोडलं आहे. तिने झोळीची जागा दाखवायला हात उचलला. तेवढा हात घेतला होता. तो हात बघून वाटावं, बाई नाल्याला निरोप देतेय. मग पक्ष्यांचा एक थवा, आणि नावं.

टाळ्या बराच वेळ चालल्या. माझे हात मांडीवरच राहिले. शेजारी अक्का अजून पडद्याकडे बघत होती. पांढरा झाला तरी बघत होती. मग म्हणाली, “मनं बोलनं कोठे गयं?”

“कापलं, अक्का.”

“कोनी कापं?”

उत्तर द्यायच्या आत साहेब भाषणाला उभे राहिले. ते म्हणाले, हे बघून मला लाज वाटली. मला वाटलं, चला, एकाला तरी. पण लाज वाटली ती याची की बाकीची गावं उठसूट सरकारच्या तोंडाकडे बघतात, आणि या आदिवासी भगिनी काहीही मागत नाहीत. प्रत्येक गावात ही फिल्म दाखवली पाहिजे. पुन्हा टाळ्या. पाच शाली, पाच नारळ. अक्काला स्टेजवर ‘दोन शब्द’ बोलायचे होते, ती माइकपाशी गेलीसुद्धा. पण सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी तिचा हात प्रेमाने हातात घेतला, वेळ संपल्याचं सांगितलं, आणि अल्पोपाहाराची घोषणा केली.

तोवर माझं डोकं फिरलं होतं. चहाच्या टेबलापाशी सफारी घातलेला एक जाडजूड गृहस्थ बशीत वेफर घेत होता. मोरी अडवणारा इंजिनीअर हाच, असं मी ठरवलं. त्याच्यासमोर जाऊन मी आयुष्यातलं सर्वांत जळजळीत भाषण केलं. बाई कमरेएवढ्या पाण्यातून आलीय तुमचा सत्कार घ्यायला, तुम्हाला वेफर गोड कसे लागतात, वगैरे. तो शांतपणे ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, “भाऊ, खरं शे तुमचं. पण मी माइकवाला आहे.”

रस्त्याची फाइल सांभाळणारा खरा कारकून बाजूलाच होता. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “रागावता कशाला? तुमच्या पाड्याचा रस्ता तर पूर्ण दाखवलाय. लोकसहभागातून. फिल्मचा संदर्भच जोडलाय फायलीला. आता तिथे काही बाकीच नाही.”

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. रस्ता कागदावर पूर्ण झाला होता. पूर्ण रस्त्याला मोरी कुठून मिळणार? बायकांनी त्यांच्या वाटचं काम केलं, त्यांच्या वाटचं नव्हतं तेही केलं, आणि आता ते केल्याची शिक्षा म्हणून उरलेलं कधीच होणार नव्हतं. आणि ‘जिद्द’ हा शब्द सगळ्यांना इतका का आवडतो तेही तेव्हाच कळलं. ज्याचं काम त्याने केलं नाही म्हणून दुसऱ्याने ते छातीवर दगड ठेवून केलं, तर न करणाऱ्याने टाळ्या वाजवायच्या आणि करणाऱ्याला शाल द्यायची. शाल स्वस्त पडते.

दिग्दर्शकांना गाठलं. ते टाळत नव्हते, हे कबूल करतो. म्हणाले, “मी खूप प्रयत्न केला. पण ज्यांनी पैसा दिला त्यांना अठरा मिनिटांची आशादायी फिल्म हवी होती. ते बोलणं ठेवलं असतं तर ती बातमी झाली असती, फिल्म नाही.” आणि मग खाली बघत, “मी तेव्हा ‘बघू या’ असंच म्हणालो होतो.”

तसंच म्हणाले होते.

परतीच्या वाटेवर साक्री मागे पडल्यावर मी जीपमध्ये अक्काला सगळं सांगून टाकलं. दिग्दर्शक ‘बघू या’ म्हणाले होते, ‘नक्की’ माझं होतं. वाटलं, आता ती शिव्या देईल. ती शालीच्या दशा बोटाला गुंडाळत बसली होती.

“ते ‘बघू या’ माले समजेल व्हतं,” ती म्हणाली. “साहेब लोके तेच बोलतस. पन तू आपला मानूस, तू नक्की बोलना. म्हनीसन मी उभी ऱ्हायनू.”

जीपवाल्याने उगाच गिअर बदलला.

नाल्यापाशी उतरताना तिने लुगडं पुन्हा गाठोड्यात बांधलं, नारळ त्यात टाकला, आणि म्हणाली, “तू बोलना व्हता ना, आते तूच जाय साहेबकडे.”

माझ्या कॅमेऱ्याने बाजूने घेतलेली ती साडेचार मिनिटं माझ्याकडे होती. कोपऱ्यात माझी सावली, वारा भरलेला, पण तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता. ज्या ऑफिसच्या ताब्यात ती फाइल होती तिथे मी कॅसेट घेऊन गेलो. ऑफिसचं नाव सांगत नाही. तुमच्या गावात त्याच्यासारखं एक असेलच. पहिल्या खेपेला विचारलं, बघायची कशावर? बरोबरच होतं. दुसऱ्या खेपेला धुळ्यातल्या एका शूटिंगवाल्या मित्राचा टीव्ही आणि व्हीसीआर लोटगाडीवर घालून, वर प्लास्टिक टाकून, पावसात ढकलत नेला. फाटकावरचा शिपाई म्हणाला, “कुनं लगीन शे?” आत प्लगची पिन बसेना. तिसऱ्या खेपेला पिनही नेली.

हॉलमध्ये भाषण केलेल्या त्याच साहेबांनी बघितली. त्यांना श्रेय द्यायला हवं, पूर्ण बघितली. सहा-सात जण दारात उभे राहून बघत होते. अक्काचा आवाज त्या खोलीत कपाटांवर आपटून येत होता. झोळीच्या जागेला आल्यावर लोटगाडीला नावं ठेवणारा तो शिपाई बाहेर निघून गेला. संपल्यावर साहेबांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “हे त्या फिल्ममध्ये का नव्हतं?”

मी म्हणालो, “ते तुम्हाला आवडलं नसतं म्हणून.”

ते रागावले नाहीत. कारकुनाला म्हणाले, “घ्या हे दाखल करून.” कारकून घाबरून गेला. कॅसेट उलटीपालटी करून म्हणाला, “साहेब, आवक नंबर कशावर टाकू? हा कागद नाही.” साहेबांनी विचार केला. मग मला म्हणाले, “लेखी अर्ज आणा.” मी म्हटलं, बायकांनी आधीच दिलेत. आवकचं रजिस्टर काढलं, पानं उलटली. नोंद नाही. पोच आहे का? म्हणजे अर्ज मिळाला अशी यांची सही असलेली दुसरी प्रत. ती बायकांकडे कुठून असणार? त्यांनी विश्वासाने कागद दिले आणि घरी गेल्या.

लोटगाडी परत करून मी जळगावची गाडी धरली. वाटेत मनातल्या मनात वर्तमानपत्रांना तीन पत्रं लिहिली. एकाचा मथळा ‘बासरीखाली गाडलेला आवाज’ असाही होता, त्यावर मी पारोळ्यापर्यंत खूश होतो.

मोरी झाली. अजून दोन पावसाळे गेले, पण झाली. तिच्या उद्घाटनाची फिल्म कुणी काढली नाही, मीही नाही. ती कॅसेटमुळे झाली असं मी बरीच वर्षं पाहुण्यांना सांगत आलो, ते खोटं आहे.

त्या तिसऱ्या खेपेच्या दिवशी घरी पोचलो तेव्हा दुपार टळली होती. मी हातपाय न धुता बायकोसमोर सगळं ओकलो. साहेब, दिग्दर्शक, बासरी, माइकवाला, आवक नंबर, आणि मी स्वतः किती नालायक, हे शेवटचं जरा रंगवून. तिने समोरच्या वह्या बाजूला सारल्या. म्हणाली, “लावा ती कॅसेट.” लावली. एकदा बघितली. मग शाळेतले फुलस्केप कागद काढले, पुन्हा लावायला सांगितली, आणि थांबवत थांबवत अक्काचं बोलणं जसंच्या तसं उतरवून घ्यायला लागली. मध्ये एकदा डोळे पुसले, ते अक्षर पुसट दिसत होतं म्हणून, असं तिचं म्हणणं. दरम्यान मी माझ्या पत्राचा मथळा तिला ऐकवला.

तिने कागदांच्या मध्ये कार्बन सरळ केला आणि म्हणाली, “ते राहू द्या. अंगठा अक्कांचा घ्या. आणि दुसऱ्या प्रतीवर ऑफिसचा सही-शिक्का घेतल्याशिवाय घरी येऊ नका.”